युकुलेलेची चौथी तार: हाय जी की लो जी? पार्श्वभूमी

नाशिकमध्ये युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) हातात घेतलेल्या नवशिक्याला पहिल्याच महिन्यात दोन उलट सल्ले मिळतात. ऑनलाइन धडे सांगतात, आलेल्या तारा तशाच ठेवा, म्हणजे चौथी तार वरच्या जी स्वरातली, हाय जी. हार्मोनियम किंवा गिटारवरून इकडे वळलेले शिक्षक सांगतात, चौथी तार बदलून लो जी, म्हणजे एक सप्तक खालच्या जीची तार टाका, नाहीतर मंद्र सप्तक मिळायचं नाही. दोघांचंही म्हणणं निराधार नाही. पण मुळात ही तार अशी का, हे पाहिल्यावर दुसरा सल्ला घाईचा वाटतो.

पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांवर काम करायला निघालेल्या लोकांचं एक जहाज २३ ऑगस्ट १८७९ रोजी हवाई बेटांवरच्या होनोलुलूला लागलं. त्यातल्या काही सुतारांनी पुढे तिथल्या कोआ लाकडात छोटी तंतुवाद्यं घडवली. आकार घेतला मशेत या चार तारांच्या वाद्याचा. तारांची जुळणी मात्र राजाँव या पाच तारांच्या वाद्याची, त्यातली पाचवी तार वगळून. मशेतच्या तारा खालून वर चढत जातात. राजाँवमध्ये पलीकडच्या, म्हणजे चौथी आणि पाचवी, तारा तिसरीपेक्षा पुन्हा वर उडी मारतात, आणि तीच उडी युकुलेलेत आली. म्हणजे हाय जी ही कुणाची चूक नव्हे की स्वस्तातली तडजोड नव्हे. वाद्य जन्माला आलं तेच या जुळणीसह. हवाईच्या राजदरबाराने ते उचलून धरलं आणि मळ्यावरचं वाद्य घरोघरी गेलं.

१९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत त्याची लाट आली. गाण्यांच्या छापील प्रतींवर कॉर्डसाठी (एकत्र वाजवायच्या स्वरांसाठी) बोटं कुठे ठेवायची ते दाखवणाऱ्या चौकटी येऊ लागल्या, आणि इथेच दुसरा गोंधळ सुरू झाला. तेव्हा वाद्य बरेचदा ए-डी-एफ शार्प-बी असं, म्हणजे आजच्या जी-सी-ई-ए या सी जुळणीपेक्षा एक पूर्ण स्वर वर लावत. हीच डी जुळणी. बोटांची ठेवण तीच, नाव वेगळं: आज जिला सी कॉर्ड म्हणतो, ती त्या प्रतींत डी म्हणून छापलेली असते. कॅनडातल्या शाळांनी तर १९७० च्या दशकातही डी जुळणीच शिकवली. त्यामुळे जुन्या वहीची पीडीएफ उतरवून घेणाऱ्याचा सूर रेकॉर्डिंगशी जुळत नाही, तेव्हा दोष कानाचा नसतो. बऱ्याच क्लिप ट्यूनरवर (वाद्याला चिमट्यासारखं लावायचं, सूर दाखवणारं यंत्र) सी आणि डी असे दोन पर्याय असतात तेही याचमुळे, सी ठेवावा.

तारा आधी तातीच्या, म्हणजे जनावरांच्या आतड्याच्या असत, दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं. १९५० च्या आसपास प्लास्टिकची युकुलेले लाखोंनी खपली, मग गिटारने सगळ्यांनाच मागे टाकलं. आपल्याकडे हवाईहून आधी पोचलं ते मांडीवर ठेवून धातूच्या पट्टीने वाजवायचं हवाईयन गिटार. सिनेसंगीतात ते रुळलंही. युकुलेलेला इंटरनेटवरच्या व्हिडिओंची वाट पाहावी लागली. ढोलासाठी नाव असलेल्या नाशिकमध्ये इतकं हळू आवाजाचं वाद्य फ्लॅटमधल्या रात्रीच्या रियाजाला सोयीचं ठरतं, हा भाग वेगळा.

आता मुख्य मुद्दा. मोकळ्या तारा चौथीकडून पहिलीकडे जी-सी-ई-ए. सा पांढरी एक (हार्मोनियमवरची सी) धरला तर प-सा-ग-ध. हाय जी साधारण ३९२ हर्ट्झवर, लो जी १९६ वर. हाय जी असताना वाद्यातला सर्वांत खालचा स्वर तिसऱ्या मोकळ्या तारेचा, म्हणजे खुद्द सा. भावगीत किंवा अभंग मंद्र पंचमाकडे उतरला की बोटाखाली स्वरच उरत नाही. लो जीचा आग्रह येतो तो इथून.

पण सा हलवता येतो. पांढरी चार, म्हणजे एफ, सा धरा. तिसरी तार मोकळी: मंद्र प. तिचाच दुसरा फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेलं घर): मंद्र ध. दुसरी तार मोकळी: मंद्र नि, पहिल्या फ्रेटवर सा, तिसऱ्यावर रे. पहिली तार मोकळी ग, पहिल्या फ्रेटवर शुद्ध म, दुसऱ्यावर तीव्र म, तिसऱ्यावर प, पाचव्यावर ध, सातव्यावर नि, आठव्यावर तार सा. एकही तार न बदलता मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत सरळ वाट मिळते. गाणारीचा सूर काळी चार, म्हणजे जी शार्प, असेल तर तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून हीच बोटं चालतात.

याची किंमतही आहे. एफमध्ये बी फ्लॅट कॉर्ड टाळता येत नाही: पहिल्या बोटाने पहिल्या दोन तारा पहिल्या फ्रेटवर आडव्या दाबायच्या, तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर, चौथी तिसऱ्यावर. सुरुवातीला पहिली तार हमखास बसकी वाजते. अंगठा वाद्याच्या मानेच्या मागे मधोमध आणावा आणि पहिलं बोट किंचित कडेवर वळवावं. नुसता जोर वाढवून मनगटच दुखतं.

तरीही लो जी हवीच असेल तर तिची वेगळी तार घ्यावी. आहे तीच हाय जी एक सप्तक उतरवली तर ती सैल पडून फ्रेटवर खडखडते. उलट, लो जीची तार हाय जीपर्यंत ताणली तर तुटते. क्लिप ट्यूनर दोन्ही वेळा नुसता जी दाखवतो, म्हणून कानाने तपासावं: हाय जी पहिल्या तारेहून जेमतेम एक स्वर खाली असते. लो जीची तार जाड असल्याने नटच्या (मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) खाचेत बरेचदा नीट बसत नाही. वरच टेकून राहिली तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सूर चढा लागतो. मग दुकानात कानशीने खाच रुंदावून देतात. पुढे विचार बदलून पुन्हा हाय जी लावली की बारीक तार त्या रुंद खाचेत हलते आणि मोकळी वाजवताना झणझणते. तेव्हा खाच भरून पुन्हा कापून घ्यावी लागते, नाहीतर नट बदलावा लागतो.