युद्धमृतांचे स्मरण व वांशिक समेट, श्रीलंका

श्रीलंकेतील यादवी युद्धात (१९८३–२००९) मेलेल्यांची आठवण ठेवण्याच्या सरकारी, धार्मिक व घरगुती प्रथा, आणि त्या प्रथांपाशी अडून राहिलेला सिंहली, तमिळ व मुस्लिम समाजांतील समेट. समेटाला सिंहलीत ‘संहिंदियाव’ आणि तमिळमध्ये ‘नल्लिणक्कम’ म्हणतात. युद्धबळींचे अंदाज ८० हजारांपासून १ लाखापर्यंत जातात. बंदुका थांबून दीड दशक उलटले, तरी एक तंटा मिटलेला नाही : आपल्या मेलेल्या माणसासाठी चारचौघांत दिवा लावायची मुभा कोणाला आहे?

जुलै १९८३ मध्ये जाफन्याजवळ तिरुनेलवेली येथे स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या ‘तमिळ वाघ’ (लिट्टे) या सशस्त्र संघटनेने १३ सैनिक मारले आणि त्यानंतर कोलंबोसह दक्षिणेत तमिळांची घरेदुकाने जाळली गेली, शेकडो माणसे मारली गेली. हा ‘काळा जुलै’ युद्धाचा आरंभ मानतात. शेवट झाला १८ मे २००९ रोजी मुल्लैत्तीवू जिल्ह्यात, नंदिकडल या खाऱ्या सरोवराच्या काठी. तेव्हापासून एकाच आठवड्यात दोन दिवस पाळले जातात. १८ मेला तमिळ शोक करतात आणि १९ मेला सरकार सैनिकांना मानवंदना देते. सुरुवातीची काही वर्षे हा ‘विजयदिन’ होता. २०१५ मध्ये मैत्रीपाल सिरिसेन राष्ट्राध्यक्ष असताना त्याचा ‘स्मरणदिन’ झाला, पण स्मरण सैनिकांचेच राहिले.

मृतांसाठी दोन्ही बाजू जो शब्द वापरतात तो मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल. सिंहली सैनिक ‘रणविरु’ आणि तमिळ लढवय्या ‘मावीरर’. वीर हा संस्कृत शब्द दोघांनीही आपलासा केला आहे.

लिट्टेने आपल्या मृतांसाठी जी दफनभूमी उभारली तिला ‘तुयिलुम इल्लम’, म्हणजे निजण्याचे घर, असे नाव दिले. तमिळ हिंदूंमध्ये दहनाची रीत असूनही १९९०च्या सुमारास संघटनेने दफन सुरू केले, आणि त्यालाही ‘पुरणे’ न म्हणता ‘पेरणे’ म्हटले. देह हाती आला असेल तर ‘कल्लरै’, म्हणजे थडगे. देह मिळालाच नाही तर ‘नडुकल’, म्हणजे रोवलेला दगड. हा नडुकल म्हणजे प्राचीन तमिळ साहित्यात येणारा वीराचा दगड. आपल्याकडे गावाच्या वेशीवर दिसणाऱ्या वीरगळाचा तो सख्खा भाऊबंद. २७ नोव्हेंबरचा ‘मावीरर नाळ’ १९८९ पासून पाळला जातो. १९८२ मध्ये त्याच तारखेला संघटनेचा पहिला लढवय्या मेला होता. संध्याकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी घंटा वाजते, ६ला ६ मिनिटांनी सारे स्तब्ध होतात आणि ६ला ७ मिनिटांनी ज्योत पेटते. मग प्रत्येक घरची माणसे आपापल्या दगडापाशी पणती लावतात. या दिवसाचे फूल ‘कार्तिगैप्पू’, म्हणजे आपली कळलावी. ती पावसाळ्यात कोकणातल्या कुंपणांवरही फुलते.

ही स्मृतीही निवडक होती, हे सांगितलेच पाहिजे. १९८६ मध्ये लिट्टेने टेलो या दुसऱ्या तमिळ संघटनेची माणसे मारली. त्यांना या दगडांत जागा नव्हती. शेवटच्या महिन्यांत घराघरांतून ओढून नेलेली अल्पवयीन मुले मात्र ‘मावीरर’ म्हणून मोजली गेली. दगडापाशी बसलेल्या आईला त्या नावाचा अभिमान होता की नाही, हे दगडावरून कळत नाही.

जाफन्यातील कोप्पायची दफनभूमी लष्कराने शहर जिंकल्यावर, १९९५-९६च्या सुमारास, प्रथम उद्ध्वस्त केली. २००२च्या शस्त्रसंधीनंतर ती पुन्हा बांधली गेली. युद्ध संपल्यावर ती पुन्हा सपाट करून त्या जागी ५१व्या डिव्हिजनचे मुख्यालय उभे राहिले आणि २०११ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. संघटना संपली होती, तिचा नेता मारला गेला होता. तरीही मुलाच्या अस्थींवरून बुलडोझर फिरवला गेला, आणि समेटाचे जेवढे नुकसान या एका कृतीने केले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. २०१६ नंतर काहीशी मोकळीक मिळताच लोक या जागा साफ करू लागले. किळिनोच्चीजवळच्या कनकपुरम येथे थडग्यांचे फुटके तुकडे गोळा करून त्यांचा ढीग रचला गेला. नेमका आपला दगड कोणता हे ठाऊक नसलेले नातेवाईक त्या ढिगापाशीच पणत्या लावतात.

१८ मेची प्रथा याहून साधी आहे : पेज. २००९च्या पहिल्या पाच महिन्यांत लाखो माणसे आक्रसत जाणाऱ्या ‘गोळीबारमुक्त क्षेत्रा’त कोंडली गेली आणि शेवटी मुळ्ळिवाय्क्कालच्या वाळूच्या पट्टीवर येऊन थांबली. तोफगोळे त्या क्षेत्रातही पडत होते. दुसरीकडे, पळू पाहणाऱ्या लोकांवर लिट्टे गोळ्या झाडत होती. या टप्प्यात ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०११ मध्ये नोंदवले. श्रीलंका सरकारला हा आकडा मान्य नाही. खायला उरली होती ती मूठभर तांदूळ, भरपूर पाणी आणि असलेच तर मीठ घालून शिजवलेली कंजी. आता मे महिन्यात देवळांपुढे, शाळांजवळ, रस्त्याच्या कडेला मोठ्या पातेल्यांत तीच कंजी शिजते आणि नारळाच्या करवंटीतून वाटली जाते. दूध नाही, भाजी नाही. चव लागू नये हाच हेतू. मे २०२४ मध्ये त्रिंकोमाली जिल्ह्यातील सांपूर येथे ही पेज वाटल्याबद्दल तीन स्त्रियांसह चौघांना अटक झाली. जाफना विद्यापीठातील मुळ्ळिवाय्क्काल स्मारक ८ जानेवारी २०२१च्या रात्री पाडले गेले. विद्यार्थी उपोषणाला बसले, तीन दिवसांत कुलगुरूंनी नवी कोनशिला बसवली आणि एप्रिलमध्ये स्मारक पुन्हा उभे राहिले.

सरकारी स्मारके उत्तरेत तमिळ वस्तीतच आहेत. किळिनोच्चीत काँक्रीटचा प्रचंड ठोकळा आहे. त्यात एक तोफगोळा घुसला आहे, ठोकळ्याला तडा गेला आहे आणि वर कमळ उमलले आहे. पुदुक्कुडियिरुप्पू येथे बंदूक व राष्ट्रध्वज उंचावलेला सैनिक आहे. एलिफंट पासला १९९१ मध्ये लिट्टेचा चिलखती बुलडोझर एकट्याने अडवून मेलेल्या गामिनी कुलरत्नची आठवण म्हणून तो बुलडोझरच जतन केला आहे. ही शौर्यकथा खरी आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण या स्मारकांत मेलेला नागरिक कोठेच नाही.

सिंहली व मुस्लिम गावांचेही आपापले दगड आहेत. अरंतलाव येथे २ जून १९८७ रोजी लिट्टेने बस अडवून ३० हून अधिक बौद्ध भिक्खू मारले, त्यांत बहुतेक कोवळे श्रामणेर. त्या बसचेच स्मारक झाले आहे. कात्तानकुडीच्या दोन मशिदींत ३ ऑगस्ट १९९० रोजी नमाजाच्या वेळी शंभरहून अधिक माणसे मारली गेली. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्या आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिट्टेने उत्तर प्रांतातून ७० हजारांच्या आसपास मुस्लिमांना हाकलले. हे दुःख सरकारच्या कथेत पुरावा म्हणून येते आणि तमिळ राष्ट्रवादाच्या कथेत बहुधा गाळले जाते.

भारतही या इतिहासात आहे. १९८७–९० मध्ये तेथे गेलेल्या शांतिसेनेचे सुमारे १,२०० सैनिक मेले. श्री जयवर्धनेपुर कोट्टे येथे त्यांचे नामस्मारक आहे. मुंबईत जन्मलेले व शिकलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन ८ महार पलटणीतून लढताना २५ नोव्हेंबर १९८७ रोजी मरण पावले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक असते. पण त्याच्याच महिनाभर आधी, २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत शांतिसेनेच्या सैनिकांनी जाफना रुग्णालयात शिरून रुग्ण, डॉक्टर, परिचारिका व कर्मचारी मिळून साठहून अधिक जणांना मारले, हे आपण सहसा वाचत नाही. लिट्टेची माणसे रुग्णालयात होती आणि त्यांचा गोळीबारही आतून होत होता, असे भारतीय बाजू सांगते. मेलेल्या कर्मचाऱ्यांच्या तसबिरींना रुग्णालयात दरवर्षी हार घातला जातो.

समेटासाठी सरकारने नेमलेल्या आयोगाने (एलएलआरसी) २०११च्या अहवालात केलेल्या शिफारशींत या दोन होत्या : स्वातंत्र्यदिनी सर्व बळींचे वेगळे स्मरण करावे आणि राष्ट्रगीत दोन्ही भाषांत गायले जावे. ४ फेब्रुवारी २०१६ रोजी ते तमिळमध्येही गायले गेले. २०२० मध्ये पुन्हा फक्त सिंहलीत. बेपत्ता व्यक्तींसाठीचे कार्यालय २०१६च्या कायद्याने स्थापन झाले. स्मरणाला कायद्याचा अडसर सर्वांसाठी एकसारखा नाही, हेही येथे नोंदवावे लागेल. दक्षिणेत दोनदा सशस्त्र उठाव केलेला जनता विमुक्ती पेरमुन (जेव्हीपी) हा पक्ष आपल्या मृतांचा दिवस दर नोव्हेंबरात उघडपणे पाळतो आणि २०२४ पासून त्याचाच नेता राष्ट्राध्यक्ष आहे. त्या वर्षीचा मावीरर नाळ पुष्कळ ठिकाणी बिनघोर पार पडला, पण समाजमाध्यमांवरील मजकुरासाठी काहींना अटकही झाली.

आयांनी मात्र पूर्वीच वाट काढली होती. किळिनोच्चीच्या १९९८च्या लढाईत सैनिक मुलगा बेपत्ता झालेल्या विसाका धर्मदासा यांनी सिंहली सैनिकांच्या व तमिळ मुलांच्या आयांना एका संघटनेत आणले. सैनिकांच्या गळ्यात ओळखपट्टी असावी, ही त्यांची पहिल्या मागण्यांतली एक. पट्टी नसल्यामुळे रणांगणावरचे देह कोणाचे ते कळतच नव्हते.

ओळखीचा हाच प्रश्न आता जाफन्याजवळील चेम्मणी येथे आहे. २०२५ मध्ये तेथे स्मशानाच्या बांधकामासाठी खणताना हाडे निघाली आणि नंतरच्या उत्खननात दोनशेहून अधिक सांगाडे सापडले. त्यांत मुलांचेही होते. एकाबरोबर शाळेचे दप्तर होते. किळिनोच्चीत बेपत्तांच्या आया फेब्रुवारी २०१७ पासून रस्त्याकडेला छप्पर घालून बसल्या आहेत. वाट पाहतच त्यांतल्या कित्येकजणी वारल्या. १८ मेला शेजारी पणत्या लागतात, तेव्हा यांच्यातल्या काहीजणी लावत नाहीत. पणती लावणे म्हणजे तो मेला असे मान्य करणे, असे त्या म्हणतात, आणि फोटो पुसून पुन्हा दोरीला अडकवतात.