धोटा पेटीत पोचला का?

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला खटखटीचं अप्रूप नसतं. आमची भिंत आणि शेजारच्या यंत्रमाग कारखान्याची भिंत एकच; माग बंद पडला की झोपमोड व्हायची. म्हणूनच असेल, पण जानेवारीत पोलिसांच्या रेझिंग डे सप्ताहातलं शस्त्रांचं प्रदर्शन बघायला भाचीला घेऊन गेलो, हवालदारांनी एका रिकाम्या, तळहाताएवढ्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागे ओढून सोडली, आणि तो ‘खटॅक’ ऐकून मला आधी मागच आठवला.

भाचीचा प्रश्न सरळ होता. “मामा, एवढंसं तर आहे. मग पुढची गोळी आपोआप कशी येते?”

आपल्याकडे बातमीत पिस्तूल, रिव्हॉल्व्हर आणि गावठी कट्टा यांची बिनदिक्कत सरमिसळ होते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचं चाक फिरतं ते माणसाच्या बोटाच्या किंवा अंगठ्याच्या जोरावर. पिस्तूल मात्र पुढचं काडतूस भरायला लागणारी ताकद आधीच्या बारातूनच वसूल करतं. चाप ओढला की घोडा पडतो, पिन काडतुसाच्या बुडाला ठोसते, दारू पेटते आणि वायू फुगतो. हा वायू गोळीला पुढे रेटतो, तसाच पितळी पुंगळीला मागे रेटतो. पुंगळीमागे टेकलेली स्लाइड त्या धक्क्याने मागे जाते. जाताजाता ती पुंगळी बाहेर फेकते, घोडा पुन्हा चढवते आणि स्प्रिंगही दाबते. मग स्प्रिंग तिला पुढे ढकलते आणि येताना ती मॅगझिनमधलं वरचं काडतूस नळीत सारते. सगळं मिळून सेकंदाचा एक लहानसा अंश.

खरी गोम वेगळीच आहे. ९ मिलिमीटर काडतुसात कमाल दाब सुमारे २,३५० बारपर्यंत जाऊ शकतो (हा बार म्हणजे दाब मोजायचं एकक). आपला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बारने जास्त असतो, एवढ्यावरून अंदाज करा. इतका दाब असताना स्लाइड उघडली तर पातळ पितळी पुंगळी फाटणारच. म्हणजे पिस्तूल बनवणाऱ्याचं कसब बार काढण्यात कमी आणि उशीर करण्यात जास्त.

कमी ताकदीच्या काडतुसांत हा उशीर नुसत्या वजनाने साधतो. ७.६५ मिलिमीटरची, म्हणजे ज्याला आपण ‘बत्तीस बोअर’ म्हणतो ती गोळी सुमारे ४.६ ग्रॅमची. स्लाइड २५० ग्रॅमची धरली तर ती गोळीच्या ५४ पट जड. दोघांना धक्का सारखाच, त्यामुळे गोळी नळीत ८ सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत स्लाइड सरकते जेमतेम दीड मिलिमीटर. पुंगळी १७ मिलिमीटर लांब, म्हणजे ती अजून जवळजवळ पूर्ण नळीतच. गोळी बाहेर पडते, दाब उतरतो, तोवर स्लाइड आपल्या जडपणात रेंगाळते आणि मग मिळालेल्या वेगावर उरलेला प्रवास करते. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी माणसाने बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी १९०० आणि १९१० ची पिस्तुलं याच तत्त्वावर बेतली. १९१० च्या मॉडेलात त्याने स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळली आणि पिस्तूल खिशात मावेल इतकं सडपातळ झालं. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या हत्येत वापरलं गेलं ते पिस्तूल याच मॉडेलचं.

९ मिलिमीटरच्या दमदार काडतुसाला मात्र नुसतं वजन पुरत नाही. पुरवायचं तर पिस्तूल वरवंट्यासारखं होईल. म्हणून तिथे नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकवलेल्या असतात. दोघी मिळून काही मिलिमीटर मागे येतात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, अडक सुटते आणि स्लाइड एकटी पुढचं काम उरकते. ही युक्तीही ब्राउनिंगचीच.

आता हे सगळं आखूड करा. स्लाइड लहान म्हणजे हलकी, म्हणजे तिचा वेग जास्त; आणि मागे जायला जागा कमी. तिला आवरायला स्प्रिंग कडक हवी, म्हणून कित्येक छोट्या पिस्तुलांत एकात एक अशा दोन स्प्रिंगा घालतात. लहान वस्तू हाताळायला सोपी, हा समज इथे उलटा पडतो. ताकदीच्या काडतुसाचं छोटं पिस्तूल ओढायला जड आणि हाताला जास्त झटका देणारं. शिवाय मनगट सैल असलं तर सांगाडाही स्लाइडबरोबर मागे जातो, स्लाइडची धाव अपुरी पडते आणि पुंगळी दारातच अडकते.

आमच्या शेजारचे जॉबरमामा, म्हणजे मागांची देखभाल करणारे, म्हणायचे, मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या वेगापेक्षा तो टोकाच्या पेटीत पोचला का, हे महत्त्वाचं. वेळेत पोचला नाही तर खालचं लोखंडी बोट अडतं आणि माग धाडकन थांबतो. नाहीतर फणी धोट्यावर आदळून ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तोडेल. पिस्तुलात हेच काम एक छोटी पट्टी करते. स्लाइड पूर्ण बंद झाली नसेल, तर चाप ओढूनही घोडा सुटत नाही. आणि बार झाल्यावर बोट सैल सोडून चाप पुढे येऊ दिल्याशिवाय दुसरा बार होत नाही. अशा पिस्तुलाला ‘अर्धस्वयंचलित’ म्हणतात, त्यातलं ‘अर्ध’ ते हेच. धोट्यातली धाग्याची कांडी संपली की माग थांबतो, तसं बऱ्याच पिस्तुलांत मॅगझिन संपलं की स्लाइड मागेच अडकून राहते.

भाचीने हे सगळं ऐकून घेतलं आणि हवालदारांना विचारलं, “मॅगझिन काढलं की झालं ना रिकामं?”

“नाही बाळा. बार झाला की स्लाइडने पुढचं काडतूस आधीच नळीत नेलेलं असतं. मॅगझिन हातात आणि एक गोळी आत.” त्यांनी मॅगझिन काढलेलं ते पिस्तूल पुन्हा उचललं, तोंड भिंतीकडे धरून स्लाइड मागे अडकवली आणि वरच्या खिडकीतून तिला मोकळी नळी दाखवली. मग स्वतःही एकदा डोकावून खात्री केली.