कासव पाण्याखाली श्वास कसा घेते?

फिल्टर आणि एअर पंप घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

कासव इतका वेळ तळाशी बसते, ते गुदमरत नाही का, असे ग्राहक आम्हाला नेहमी विचारतात. कासवाला कल्ले नसतात, ते फुप्फुसांनीच हवा घेते. मात्र गोड्या पाण्यातल्या काही जाती पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही वापरतात, आणि त्यांच्या तऱ्हा थक्क करणाऱ्या आहेत.

सगळ्यात अजब तऱ्हा ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय नदीच्या कासवाची. विष्ठा आणि अंडी ज्या द्वारातून बाहेर येतात, त्याच शेपटीखालच्या द्वारातून ते पाणी आत ओढते आणि बाहेर सोडते. आत दोन पिशव्या असतात. त्यांच्या अस्तरावर रक्तवाहिन्यांनी भरलेल्या बारीक झालरी असतात, तिथे ऑक्सिजन रक्तात उतरतो. लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ ७० टक्के ऑक्सिजन या वाटेने मिळू शकतो. अर्थात त्यासाठी पाणी वाहते आणि प्राणवायूने भरलेले हवे. धरणामागच्या साचलेल्या पाण्यात ही सोय लंगडी पडते.

मऊ पाठीची कासवे घशात पाणी खेळवतात आणि कातडीतूनही ऑक्सिजन घेतात. मस्क टर्टलच्या जिभेवरचे बारीक उंचवटे हेच काम करतात.

उत्तर अमेरिकेतल्या पेंटेड टर्टलची गोष्ट आणखी पुढची. तळे गोठले की ते बर्फाखाली हिवाळा काढते. सुमारे ३ अंश सेल्सिअसच्या पाण्यात त्याचे शरीर इतके मंदावते की ऑक्सिजन अजिबात नसला तरी ते तीन महिन्यांहून जास्त जगू शकते. या काळात रक्तात लॅक्टिक आम्ल साठते आणि कवचातले कार्बोनेट ते शमवते. कवच नुसती ढाल नव्हे, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

हे वाचून टाकीतली कासवाला पाण्याबाहेर बसायची कोरडी जागा काढून टाकू नका. कोमट पाण्यात कासवाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी मावतो. आमचा एअर पंप पाणी ताजे ठेवतो, पण फुप्फुसांची जागा घेऊ शकत नाही. पृष्ठभागापर्यंतची वाट मोकळी ठेवा. दगडाखाली किंवा फिल्टरच्या नळीजवळ अडकलेले कासव बुडून मरू शकते.

कासव एका बाजूला कलून तरंगत असेल, तोंड उघडे टाकून श्वास घेत असेल किंवा नाकातून बुडबुडे येत असतील, तर फुप्फुसांना संसर्ग झालेला असू शकतो. फिल्टर बदलत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.