फ्लॅट बारा टक्के म्हणजे नेमके किती टक्के?

नाशिकमधील एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी भरणाऱ्या वित्तीय गणिताच्या वर्गात मी पहिल्या दिवशी सूत्र सांगत नाही, एक कर्ज मांडतो. रक्कम १,००,००० रुपये, मुदत २ वर्षे, व्याज ‘फ्लॅट’ १२ टक्के. सातपूरच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेले कामगार, बचत गटाची वही सांभाळणाऱ्या महिला, निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार असे सारेच हा हिशेब तोंडी करतात: वर्षाला १२,००० याप्रमाणे २४,००० व्याज, एकूण परतफेड १,२४,०००, म्हणून सुमारे ५,१६७ रुपयांचे २४ हप्ते. आकडेमोडीत चूक नसते, पण या कर्जाचा खरा दर १२ टक्के नाही, हे क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

व्याज म्हणजे दुसऱ्याचा पैसा वापरल्याचे भाडे असे मानले, तर किती रक्कम किती काळ वापरली हे पाहावे लागते. पहिल्या महिन्यात कर्जदाराकडे पूर्ण लाख रुपये असतात, परंतु मुद्दल दरमहा सारख्या भागांनी फिटत गेले असे धरल्यास शेवटच्या महिन्यात जेमतेम ४,१६७ रुपये उरलेले असतात, आणि दोन वर्षांची सरासरी काढली तर ती सुमारे ५२,००० रुपये येते. वापर निम्म्याहून थोड्याच अधिक रकमेचा आणि भाडे मात्र पूर्ण लाखाचे, असा हा व्यवहार आहे. हेच कर्ज १२ टक्क्यांनी घटत्या शिलकीवर, म्हणजे दरमहा उरलेल्या मुद्दलावरच व्याज आकारून मिळाले, तर हप्ता ४,७०७ रुपये बसतो आणि एकूण व्याज १३,००० रुपयांच्या आत राहते. पहिल्या हप्त्यातील १,००० रुपये व्याजापोटी जातात आणि ३,७०७ मुद्दलात जमा होतात. दुसऱ्या महिन्याचे व्याज ९६,२९३ रुपयांवर म्हणजे ९६३ रुपये आकारले जाते, आणि हप्ता तोच असल्यामुळे मुद्दलाचा वाटा दरमहा थोडाथोडा वाढत जातो.

मग ५,१६७ रुपयांच्या हप्त्यामागचा खरा दर किती? वर्गातला सर्वात रंगणारा तास हाच. दर अज्ञात धरून समीकरण मांडले तर त्याचा घात चोविसापर्यंत जातो, आणि चौथ्या घातापलीकडच्या समीकरणांची उकल साध्या क्रिया व मुळे वापरून देणारे सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या नील्स आबेल या तरुण गणितज्ञाने १८२४ मध्ये दाखवून दिले आहे. येथे त्यावाचून काही अडत नाही, कारण आपल्याला सूत्र नको असते, उत्तर हवे असते. म्हणून आम्ही अंदाज करतो. २० टक्के धरले तर हप्ता ५,०९० येतो, म्हणजे कमी पडतो. २२ टक्के धरले तर ५,१८८ येतो, म्हणजे जास्त होतो. पुन्हा मधला आकडा घ्यायचा, पुन्हा तपासायचे. चार-पाच फेऱ्यांत उत्तर साडेएकवीस टक्क्यांच्या किंचित वर येऊन थांबते. संगणकातील तक्त्याचे सॉफ्टवेअरही दर शोधताना अशाच पायरीपायरीने उत्तराजवळ सरकते, फक्त ते पापणी लवण्यापूर्वी आटोपते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँका व वित्त कंपन्यांनी सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर एका पत्रकात लिहून द्यावा, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. गल्लोगल्लीच्या पतसंस्था मात्र सहकार खात्याच्या देखरेखीखाली येतात आणि हातउसन्या पैशाला कोणतेच पत्रक नसते, त्यामुळे तेथे स्वतः पेन्सिल हाती घेण्याला पर्याय नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एकच कल्पना आहे: प्रत्येक रकमेला तारीख असते आणि वेगवेगळ्या तारखांच्या रकमा एका तारखेवर आणल्याशिवाय त्यांची तुलना किंवा बेरीज करता येत नाही. द्राक्षबागायतदारांना हे सांगावे लागत नाही, कारण त्यांचा खर्च ऑक्टोबरच्या छाटणीपासून सुरू होतो आणि पैसा माल तुटल्यावरच दिसतो. एका तासाला आम्ही असे उदाहरण घेतले की व्यापारी किलोला ४० रुपये रोख देतो, किंवा दोन महिन्यांनी ४१ देतो. ज्याच्या डोक्यावर शेकडा दोन रुपयांचे, म्हणजे महिना २ टक्क्यांचे कर्ज आहे, त्याच्या दृष्टीने दोन महिन्यांनंतरच्या ४१ रुपयांची आजची किंमत ४१ भागिले १.०४०४ (१.०२ गुणिले १.०२), म्हणजे ३९ रुपये ४१ पैसे होते, आणि त्याने रोख घ्यावे. ज्याचे पैसे वर्षाला ३ टक्के देणाऱ्या बचत खात्यातच पडून राहणार आहेत, त्याच्या दृष्टीने ती किंमत ४० रुपये ८० पैसे होते, आणि त्याने थांबावे. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेजाऱ्यांसाठी उत्तर वेगळे येते. (दोन महिन्यांत व्यापारीच गायब झाला तर काय, असा प्रश्न मागच्या बाकावरून हमखास येतो. त्या जोखमीसाठी दर वाढवून धरावा लागतो. किती, ते ज्याने त्याने ठरवायचे.)

भिशीलाही हेच लागू होते. वीस जणांनी दरमहा ५,००० रुपये भरले, तर प्रत्येकाला एकदा लाख रुपये मिळतात आणि वरवर सारे समान दिसते. परंतु महिना अर्धा टक्का दर धरला, तर शेवटच्या क्रमांकाच्या लाखाची पहिल्या दिवशीची किंमत सुमारे ९१,००० रुपयेच भरते. बोली लावून चालणाऱ्या भिशीत गरजू सभासद काही रक्कम सोडून आधी पैसे उचलतो, तेव्हा तो हा फरकच मोजत असतो.

‘शेकडा दोन’ हा शब्दप्रयोग मवाळ वाटतो, पण व्याज मुद्दलात मिळवत गेले तर वर्षाला तो २६.८ टक्के होतो. रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ ७२ ला दराने भागून अंदाजे कळतो: येथे ३६ महिने, आणि काटेकोर उत्तर ३५. आपल्या जुन्या व्यवहारशास्त्राला या वाढीची धास्ती होती असे मला वाटते. एरवी थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक मागता येणार नाही, हा दामदुपटीचा नियम आला नसता. मुंबई इलाख्यातील न्यायालयेही तो मानत असत.

दरमहा शेकडा किती, ही भाषाही जुनीच आहे. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त भास्कराचार्य विचारतात की दरमहा शेकडा पाच व्याजाने वर्षाअखेरीस मुद्दल व व्याज मिळून १,००० झाले, तर दोन्ही वेगळे सांगा. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा उल्लेख आहे, आणि नाशिकहून ते ठिकाण एका दिवसात पाहून येण्याजोगे आहे. वर्गात हे कोडे घातले की सरळव्याजाने १०० चे १६० होतात, म्हणून मुद्दल ६२५ आणि व्याज ३७५, हे उत्तर पाच मिनिटांत फळ्यावर येते. त्यावर कोणीतरी विचारतोच की सावकाराने दरमहा व्याजावर व्याज धरले असते तर? मग पुन्हा पेन्सिली चालू होतात, १.०५ चा बारावा घात सुमारे १.७९६ येतो, आणि मुद्दल ५५७ रुपये, व्याज ४४३ रुपये निघते.