रीडेबिलिटी (विमान-टॉवर रेडिओ)

रीडेबिलिटी म्हणजे वैमानिक आणि टॉवरमधला कंट्रोलर रेडिओवर जे बोलतात ते समोरच्याला कितपत कळतंय याचं माप. ते १ ते ५ आकड्यांत सांगतात. १ म्हणजे काहीच कळत नाही, २ म्हणजे मधूनमधून कळतं, ३ म्हणजे कळतं पण कान टवकारावे लागतात, ४ म्हणजे कळतं, ५ म्हणजे एकदम स्वच्छ. विचारायची पद्धत ठरलेली आहे: आधी ज्याला बोलावतोय त्याचं नाव, मग आपल्या विमानाचं, मग 'रेडिओ चेक' आणि फ्रिक्वेन्सी. उत्तरात 'रीडेबिलिटी फाइव्ह' आलं की पुढचं काम सुरू.

आवाज मोठा येणं आणि बोलणं कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. लग्नाच्या मांडवातला भोंगा आठवा, आवाज पार शेजारच्या गावापर्यंत जातो पण आहेर कुणी किती दिला ते मांडवातल्या माणसालाही कळत नाही! म्हणजे ताकद ५, रीडेबिलिटी २.

या मापाचं मूळ तारायंत्राच्या काळातल्या क्यू-कोडमधे आहे, निदान बहुतेक लिहिणारे तसं धरून चालतात. हे तीन अक्षरी कोड साधारण १९०९ च्या सुमारास ब्रिटनमधे तयार झाले आणि १९१२ च्या लंडन परिषदेत आंतरराष्ट्रीय झाले. त्यातला क्यूआरके म्हणजे नीट मिळतंय का, आणि क्यूएसए म्हणजे सिग्नल जोरात आहे का. सुरुवातीला ही साधी हो-नाही छापाची वाक्यं होती, १ ते ५ ही पायरी नंतर जोडली गेली असावी. 'फाइव्ह बाय फाइव्ह' (ताकद आणि समजणं दोन्ही पाच, म्हणजे सगळं उत्तम) हा लोकप्रिय शब्द कुठून आला यावर मात्र एकमत नाही. काहींच्या मते तो हौशी रेडिओवाल्यांचा, काहींच्या मते सैन्यातला. हौशी लोकांची आरएसटी (रीडेबिलिटी, ताकद, स्वर) पद्धत १९३४ ची, तिच्यात रीडेबिलिटी ५ पर्यंत पण ताकद ९ पर्यंत मोजतात, म्हणून ते 'फाइव्ह नाइन' म्हणतात, त्यामुळे दोन्हीकडे पाच असलेला शब्द त्यांच्याकडून आला असेल हे जरा अवघड वाटतं, सैन्याच्या वापरातून पसरला हे जास्त पटतं. पहिला पाच ताकदीचा की समजण्याचा, हाही वाद आहेच. 'लाऊड अँड क्लिअर' मधे आधी जोर आणि मग स्वच्छपणा येतो, तोच क्रम इथे धरायला हरकत नाही. विमानांच्या आंतरराष्ट्रीय नियमात (आयकाओ ही विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना, तिचं अ‍ॅनेक्स १०) मात्र एकच आकडा आहे, दुसरा पाच नाहीच.

'रॉजर' पण याच घराण्यातला. तारेत 'आर' म्हणजे मिळालं, आणि जुन्या उच्चारमालेत (रेडिओवर एकेका अक्षरासाठी ठरलेले शब्द) आर साठी रॉजर होतं. १९५६ पासून आर साठी रोमिओ आलं तरी रॉजर तसाच राहिला. त्याचा अर्थ 'तुमचं सगळं बोलणं मिळालं' एवढाच, 'हो' नाही.

विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि तेही अजून एएम वर (आवाजानुसार लहरीची ताकद बदलते). एफएम (लहरीची वारंवारता बदलते) का नाही असं सगळेच विचारतात. एफएम मधे दोघं एकदम बोलले तर जोरातला कमजोराला पूर्ण गिळतो आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही, एएम मधे निदान चिरकी शिट्टी वाजते आणि कळतं की कुणीतरी कापलं गेलं. पण शिट्टी वाजली म्हणून काय कापलं गेलं ते कळत नाही. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावर टॉवर आणि पॅन अ‍ॅमचं विमान एकाच वेळी बोलले, केएलएमच्या विमानाच्या कॉकपिटमधे नेमक्या महत्त्वाच्या शब्दांवर शिट्टी आली, दोन्ही विमानं धावपट्टीवर धडकली आणि ५८३ माणसं गेली.

व्हीएचएफ (वरचा मेगाहर्ट्झचा पट्टा यातलाच) साधारण नजरेच्या रेषेत जातं. विमानाची उंची फुटात घेऊन तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.२३ ने गुणायचं, तेवढे सागरी मैल. १,००० फुटांवर हे जेमतेम ७२ किलोमीटर होतं, ३,००० वर सव्वाशे. धुळे ते जळगाव सरळ रेषेत नव्वदच्या आसपास, म्हणजे धुळ्यावर खाली घिरट्या घालणाऱ्या शिकाऊ विमानाला जळगाव ऐकू न येणं यात मशीनचा दोष नाही. खानदेशात उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळा, मधे तापीचं खोरं, त्यामुळे डोंगराच्या कुशीत गेलं की आवाज तुटतो. थंडीच्या पहाटे खोऱ्यात गार हवा खाली बसते तेव्हा उलट दूरचं कुणीतरी मधेच घुसू शकतं. धुळे आणि शिरपूरला विमान शिकवतात, जळगावला २०१७ पासून उडान योजनेतली प्रवासी विमानं आली.

बाकी कारणं घरगुती आहेत. माइक ओठांपासून लांब असतो, वळताना पंख अँटेनाच्या आड येतो, बोलायचं बटण अडकतं आणि सगळी फ्रिक्वेन्सी बंद होते. नवखी पोरं तर बटण दाबता दाबताच बोलायला लागतात, मग टॉवरला 'गाव टॉवर' एवढंच ऐकू येतं, कुठलं गाव ते हवेत राहतं. बोलायचा वेग मिनिटाला १०० शब्दांच्या वर नको असा नियम आहे.

उच्चाराचंही आहेच. 'व्हिक्टर' आणि 'विस्की' (उच्चारमालेतले व्ही आणि डब्ल्यू) मधला फरक आपल्याकडे एकाच 'व' वर निभावून नेतात. ९ ला 'नाइनर' म्हणतात, ५ शी गल्लत होऊ नये म्हणून. जर्मन 'नाइन' म्हणजे नाही, म्हणून तसं केलं, अशी एक गोष्ट सांगतात, पण पहिलं कारण साधं आणि पुरेसं आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकून ३४९ जण गेले तेव्हा कझाक विमानाच्या लोकांच्या इंग्रजीवर बोट ठेवलं गेलं, आणि २००८ पासून आयकाओच्या सहा पातळ्यांपैकी इंग्रजीची किमान चौथी पातळी सक्तीची झाली.

रेडिओ पूर्ण गेला तर टॉवर दिव्याचा झोत दाखवतो, उतरायला आलेल्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या चालू ठेवा. कळलं हे सांगायला वैमानिक दिवसा पंख हलवतो, रात्री लँडिंगचे दिवे दोनदा चालू-बंद करतो.