हिमोग्लोबिन नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही

‘हिमोग्लोबिन बारा आहे, रक्त काही कमी नाही. झोप घ्या, टेन्शन घेऊ नका.’ दवाखान्यातून हे ऐकून परतलेल्या बायका कोल्हापूरच्या कुठल्याही पेठेत भेटतील. जिना चढला की धाप लागते, दुपारी तीनला डोळे मिटायला लागतात, विंचरताना केसांचा पुंजका हातात येतो, रात्री अंथरुणावर पाय स्वस्थ राहत नाहीत. घरचे म्हणतात, काम जास्त होतंय. कामही जास्त असतंच. पण यातल्या कितीतरी जणींची तपासणी अर्ध्यावर थांबलेली असते. रक्तात आत्ता फिरणारं लोह किती आहे, याचा अंदाज हिमोग्लोबिन देतं. शरीराने बाजूला साठवून ठेवलेलं लोह किती उरलंय, हे फेरिटिन सांगतं. हा दुसरा आकडा विचारल्याशिवाय बहुधा कोणी काढत नाही.

मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून 3 ते 4 ग्रॅम लोह असतं, म्हणजे एखाद्या खिळ्याच्या वजनाचं. त्यातलं जवळपास दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये अडकलेलं असतं. उरलेल्यातलं बरंचसं यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत साठवलेलं असतं. सुटं लोह पेशींना घातक ठरतं, म्हणून ते फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात बंद करून ठेवलं जातं. अशा एका गोळ्यात लोहाचे 4500 पर्यंत अणू मावतात. 1937 मध्ये लाउफबर्गर या चेक शास्त्रज्ञाने घोड्याच्या प्लीहेतून हे प्रथिन वेगळं केलं. थोडं फेरिटिन रक्तातही झिरपतं आणि त्यावरून आतल्या साठ्याचा अंदाज बांधता येतो. ते मोजण्याची रीत 1972 मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या संशोधकांनी बसवली. आज कोल्हापुरातल्या बहुतेक लॅबमध्ये ही तपासणी होते.

साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन का टिकून राहतं? राधानगरी धरणात पाणी कमी झालं की पिण्याचं पाणी आधी राखून ठेवतात आणि शेतीचं आवर्तन पुढे ढकलतात. शहरातला नळ चालू राहतो, पण उसाला ताण बसतो. शरीरही असंच वागतं. हातात येणाऱ्या लोहावर पहिला हक्क लाल पेशींचा, कारण प्राणवायू पोचला नाही तर काहीच चालणार नाही. स्नायू आणि मेंदू मागच्या रांगेत राहतात. नळ पूर्ण क्षमतेने वाहतोय म्हणून धरण भरलेलं आहे, असं कोणी म्हणत नाही. हिमोग्लोबिनच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो.

मागच्या रांगेतल्यांना लोह कशाला लागतं, तेही पाहू. अन्नातून ऊर्जा तयार होते ती प्रत्येक पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात. तिथे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सरकत जातात आणि या साखळीतल्या बहुतेक कड्यांत लोहाचे अणू बसवलेले असतात. स्नायूंमध्ये प्राणवायू धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिनलाही लोह हवं. मेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणारं एक विकर (एन्झाइम) लोहाशिवाय चालत नाही. रात्री पाय वळवळण्याच्या तक्रारीत फेरिटिन प्रति मिलिलिटर 75 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर लोह देऊन पाहतात, त्यामागे हेच कारण मानलं जातं. हे सगळं कळल्यावर ‘रक्त नॉर्मल आहे, मग थकवा मनाचाच’ हा निष्कर्ष टिकत नाही.

याला पुरावाही आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत फ्रान्समधल्या 198 स्त्रिया होत्या. सगळ्या थकलेल्या, हिमोग्लोबिन 12 च्या वर आणि फेरिटिन 50 च्या खाली. निम्म्या जणींना रोज 80 मिलीग्रॅम लोह दिलं, निम्म्या जणींना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळतंय हे कोणालाच माहीत नव्हतं. 12 आठवड्यांनी लोह घेणाऱ्यांच्या थकव्याची पातळी जवळपास 48 टक्क्यांनी उतरली, दुसऱ्या गटात 29 टक्क्यांनी. या दुसऱ्या आकड्याकडेही नीट बघा. औषध नसलेल्या गोळीनेही बरं वाटतं, म्हणून ‘आयर्नने माझा थकवा गेला’ एवढ्या एका अनुभवावरून काही सिद्ध होत नाही. लोहाचा खरा हिशेब त्या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे, आणि तो फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आता एक नमुन्याचा रिपोर्ट घेऊ. हिमोग्लोबिन 12.2. त्याच्या खाली एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, 79. आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातली असमानता, 16. हिमोग्लोबिनपुढे काही खूण नसते, कारण जागतिक आरोग्य संघटनेची स्त्रियांसाठीची मर्यादा 12 आहे. पण पेशी लहान व्हायला लागल्यात आणि एकसारख्या राहिलेल्या नाहीत. जुन्या पेशी 120 दिवस जगतात, नव्या मात्र अपुऱ्या लोहात घडतायत, म्हणून ही सरमिसळ दिसते. अशा वेळी फेरिटिन काढलं आणि ते 11 आलं, तर चित्र पुरं होतं. त्यातही घोळ असा, की काही लॅबच्या कागदावर स्त्रियांची ‘नॉर्मल’ मर्यादा 10 पासूनच सुरू होते, म्हणजे हे 11 देखील बिनखुणेचं सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात निरोगी मोठ्या माणसासाठी 15 च्या खाली म्हणजे कमतरता. रक्तविकारांचे अनेक डॉक्टर 30 ची रेघ धरतात आणि थकव्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईसाठी मलाही तीच योग्य वाटते.

उलटी फसगतही होते. अंगात संसर्ग किंवा सूज असली, यकृतावर चरबी असली, की साठा रिकामा असूनही फेरिटिन वाढलेलं दिसतं. म्हणून ताप येऊन गेल्या गेल्या ही तपासणी करू नये. शंका असेल तर सोबत सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी तपासणी, आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे, हे बघतात. आणि लहान लाल पेशी दिसल्या की दरवेळी लोहच कमी, असंही नाही. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असलेल्या माणसाच्या पेशी जन्मभर लहानच असतात, त्याला कारण नसताना वर्षानुवर्षं लोह देणं चूक.

साठा रिकामा होतो कसा, याचं गणित साधं आहे. शरीर रोज जुन्या लाल पेशी मोडून 20 ते 25 मिलीग्रॅम लोह परत वापरतं. बाहेरून लागतं फक्त 1 ते 2 मिलीग्रॅम. पण रक्ताच्या प्रत्येक मिलिलिटरबरोबर अर्ध्या मिलीग्रॅमच्या आसपास लोह जातं. पाळीत 40 मिलिलिटर रक्त गेलं तर 20 मिलीग्रॅमपर्यंत लोह गेलं. 80 च्या वर जात असेल तर महिन्याची तूट दुप्पट. ‘आमच्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं’ म्हणून ही गोष्ट आईकडून मुलीकडे तशीच येते आणि डॉक्टरांपुढे बोलली जात नाही. गरोदरपणात तर सगळं मिळून सुमारे 1 ग्रॅम लोह जास्तीचं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. ज्यांचं हिमोग्लोबिन अजून टिकलंय पण साठा संपलाय, त्या या आकड्यात धरलेल्याच नाहीत.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या, तालमीत कुस्ती खेळणाऱ्या मुलींकडे इथे खास लक्ष द्यायला हवं. 800 मीटरची वेळ सुधारायची सोडून घसरायला लागली, तर पहिला आरोप आळसावर येतो. पाळी, घाम, जोरदार सराव आणि वजन राखायला कमी केलेलं जेवण, हे सगळं एकत्र आलं की साठा भराभर उतरतो. वारंवार रक्तदान करणाऱ्या तरुणांचंही तसंच. मंडळांची रक्तदान शिबिरं ही कोल्हापूरची अभिमानाची गोष्ट आहे आणि ती चालूच राहिली पाहिजेत. पण 350 मिलिलिटरच्या एका पिशवीबरोबर दीडशे मिलीग्रॅमहून जास्त लोह जातं. नेमाने रक्त देणाऱ्याने वर्षातून एकदा फेरिटिन बघावं.

खाण्याबद्दल आपल्याकडे समज पुष्कळ आहेत. बीट आणि डाळिंब लाल आहेत म्हणून रक्त वाढवतात, हा त्यातला सगळ्यात चिवट. दोन्हींत लोह अगदीच थोडं. गंगावेशीत पहाटे म्हशीची धार थेट ग्लासात घेऊन पिणं ही कोल्हापूरची जुनी रीत. प्रथिनं आणि कॅल्शियमसाठी ते उत्तम, पण दुधात लोह जवळजवळ नसतं आणि त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोह अडवतं. गुळाचंही खरं सांगायला हवं. गुऱ्हाळावर लोखंडी काहिलीत रस आटतो, तेव्हा काहिलीचंही थोडं लोह त्यात उतरतं. तरी 10 ग्रॅमच्या खड्यातून मिळून मिळणार एखादा मिलीग्रॅम, आणि वनस्पतीजन्य लोहातलं शोषलं जातं साधारण 2 ते 10 टक्के. गुळाने साठा भरत नाही.

मटणातलं लोह वेगळ्या रूपात असतं आणि त्यातलं 15 ते 35 टक्क्यांपर्यंत अंगी लागतं. कलेजी तर त्याहून श्रीमंत. मात्र हे लोह फोडींत असतं, तांबड्या-पांढऱ्या रश्शात फारसं नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला शेवटी काय उरतं, हे प्रत्येक घराने आपल्यापुरतं तपासावं. शाकाहारी घरात मोड आलेली मटकी, हरभरा, बाजरी, तीळ, हळीव हे चांगले मार्ग. मोड आणल्याने लोहाला धरून ठेवणारं फायटिक आम्ल कमी होतं, वर लिंबू पिळलं की शोषण आणखी वाढतं. त्या अर्थाने मटकीची मिसळ आणि लिंबाची फोड ही जोडी अगदी शास्त्रशुद्ध आहे. त्यावर लगेच कडक चहा घेतला की चहातली टॅनिनं बरंचसं लोह बांधून टाकतात. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, कोल्हापुरात ते कोणी ऐकणारही नाही. जेवणानंतर तास-दीड तासाचं अंतर ठेवलं तरी पुष्कळ झालं.

तरीही रिकामा झालेला साठा निव्वळ जेवणाने भरायला फार वेळ लागतो. रोजच्या खर्चावर अर्धा मिलीग्रॅम जरी शिल्लक पडला, तरी 200 मिलीग्रॅम जमायला वर्षाहून अधिक काळ जाईल. म्हणून गोळ्या. त्यांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत एक कामाची गोष्ट कळली आहे. लोहाचा डोस पोटात गेला की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते आतड्यातलं लोहाचं दार दिवसभर ओढून घेतं. झुरिकच्या ईटीएच संस्थेच्या 2017 च्या अभ्यासात साठा कमी असलेल्या स्त्रियांना 60 मिलीग्रॅम लोह रोज आणि दिवसाआड असं देऊन पाहिलं. रोज घेतलं तेव्हा 16 टक्क्यांच्या आसपास शोषलं गेलं, दिवसाआड घेतलं तेव्हा 22 टक्क्यांच्या आसपास. गोळीने पोट बिघडतं म्हणून ती बंद करणाऱ्यांसाठी डॉक्टरांना विचारून हा मार्ग धरता येतो. गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नये. घरात लहान मूल असेल तर गोळ्या कुलपात ठेवाव्यात, कारण मुठीभर गोळ्या मुलाच्या जिवावर बेततात.

सगळ्यात जास्त उपचार फसतात ते लवकर सोडल्यामुळे. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन वर येतं, बरं वाटतं आणि पाकीट कपाटात जातं. पण पहिला हक्क लाल पेशींचा, हे लक्षात घ्या. त्यांचं भागल्यावरच साठ्याकडे लोह वळतं. म्हणून हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवतात आणि मग पुन्हा फेरिटिन बघतात. अशक्तपणा वाटला की ‘ताकदीचं सलाईन’ लावून घेण्याची पद्धत खेडोपाडी अजून आहे. त्या बाटलीत मीठ, पाणी, फार तर साखर असते. लोह नसतं. शिरेतून लोह देता येतं, पण ते वेगळं औषध आहे आणि गोळ्या सोसत नसतील किंवा शोषल्या जात नसतील, तेव्हा देखरेखीखालीच देतात.

बर्फ चघळत राहावंसं वाटणं, खडू, माती, कच्चे तांदूळ किंवा पाटीवरची पेन्सिल खाविशी वाटणं हे लोह कमी झाल्याचं ओळखीचं लक्षण आहे. अशा मुलीला रागावू नका, तिचं रक्त तपासा. थकव्याची इतर कारणंही तितकीच खरी आहेत. थायरॉइड, शाकाहाऱ्यांत बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य. फेरिटिन चांगलं असेल तर शोध तिकडे वळवावा.

आणि पाळी थांबलेली बाई किंवा कुठल्याही वयाचा पुरुष यांचं फेरिटिन कमी निघालं, तर नुसत्या गोळ्या देऊन थांबणं धोक्याचं. त्यांचं रक्त बहुधा कुठून तरी जातंय, बहुतेक वेळा पोटातून. गुडघ्यासाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठराला पडलेला व्रण, मूळव्याध, किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सरही. तिथे दुर्बिणीची तपासणी टाळू नये, मग हिमोग्लोबिन 13 च्या वर असलं तरी.