आयुष्मान कार्ड आणि आभा कार्ड: बिल कोणतं भरतं, कागद कोणतं सांभाळतं

पांढऱ्या रेशनकार्डाला उपचारांच्या सरकारी योजनांत फारसं कुणी विचारत नव्हतं. रत्नागिरीतले निवृत्त शिक्षक, देवगडचे बागायतदार, अलिबागचे पेन्शनर ही सगळी मंडळी अशा योजनांच्या बाहेरच असायची. २८ जुलै २०२३च्या शासन निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या कार्डासकट सगळ्यांसाठी खुली झाली आणि उपचारखर्चाची वर्षाला दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली. प्रत्यक्ष अंमल व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. मग २९ ऑक्टोबर २०२४ला केंद्राने सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेत घेतलं. गावोगावी शिबिरं लागली, ग्रामपंचायतीत टेबलं मांडली गेली, आशाताई घरोघर फिरल्या.

लोकांना याचा आनंद झाला, तो अगदी खरा होता. पण थोड्याच काळात वेगळा सूर ऐकू यायला लागला. कणकवली-कुडाळकडे तो असा ऐकू येतो: "कार्ड आसा तरी पैशे भरूक सांगतत, मगे ही योजना कसली?" हा राग मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. काही ठिकाणी रुग्णालयंच टाळाटाळ करतात, ते पुढे सांगतो. पण पुष्कळदा घोटाळा त्याच्याही आधीचा असतो. माणसाच्या हातात कार्ड असतं, पण ते आयुष्मान कार्ड नसतं, आभा कार्ड असतं.

हा गोंधळ लोकांच्या अडाणीपणामुळे होतो असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दोन्ही कार्डं एकाच टेबलावर, एकाच माणसाने, त्याच आधार क्रमांकावर, तसाच ओटीपी घेऊन काढून दिलेली असतात. दोन्हींवर सरकारी चिन्हं, दोन्हींवर क्यूआर कोड. आभाच्या पूर्ण नावातही (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) 'आयुष्मान भारत' आहेच. घरी आल्यावर दोन्ही कार्डं लॅमिनेट होऊन देवघराशेजारच्या एकाच डब्यात जातात. इतकं सारखं दिसणारं काही हातात देताना देणाऱ्याने दोन वाक्यं जास्त बोलायला हवी होती, आणि ती बहुतेक शिबिरांत बोलली गेली नाहीत.

ती दोन वाक्यं अशी. आयुष्मान कार्ड म्हणजे रुग्णालयाचं बिल सरकार भरेल याचा पुरावा. आभा कार्ड म्हणजे तुमचे रिपोर्ट, केसपेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या संगणकावर एका ठिकाणी जोडायचा क्रमांक, त्यात एक रुपयासुद्धा नाही.

आता जरा खोलात जाऊ, कारण खरी अडचण तिथेच येते.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ला रांचीत सुरू झाली. महाराष्ट्रात ती राज्याच्या महात्मा फुले योजनेला जोडून चालते. ही राज्याची योजना मुळात जुनी. २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपला रायगड होता. २०१७मध्ये तिचं नाव बदललं. आज नोंदणी केलेल्या रुग्णालयात भरती झाल्यावर ठरलेल्या उपचारांच्या यादीतला उपचार रोकडविरहित होतो, म्हणजे पैसे थेट रुग्णालयाला मिळतात, रुग्णाच्या खात्यात काही येत नाही. "माझ्या खात्यात पाच लाख कधी जमा होणार?" असं विचारणारे आजोबा मला भेटले आहेत. त्यांना कुणी तसंच सांगितलं होतं.

पाच लाख हे कुटुंबाचे, वर्षाचे. घरातल्या प्रत्येकाचं कार्ड वेगळं निघतं म्हणून प्रत्येकाला पाच लाख, असा अनेकांचा समज होतो, तसं नाही. अपवाद सत्तरीवरच्यांचा. ज्या कुटुंबाला आधीच लाभ आहे, त्यातल्या सत्तरीवरच्यांना वेगळे पाच लाख मिळतात, पण नवरा-बायको दोघं सत्तरीचे असतील तर ते दोघांत मिळून. त्यांच्या कार्डाचं नाव वय वंदना. त्यासाठी रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत, आधारवरचं वय बघतात. घरी खासगी विमा असला तरी चालतं. मात्र माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस ही आरोग्य योजना असेल तर दोन्हींतलं एक निवडावं लागतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत माजी सैनिकांची घरं खूप, म्हणून हे मुद्दाम लिहितो. ईसीएचएस सोडून देण्याआधी दहादा विचार करा, कारण आयुष्मानमध्ये ओपीडीची रोजची औषधं बसत नाहीत. बीपी-साखरेच्या गोळ्या, नुसता एक्स-रे, डॉक्टरांची तपासणी फी यांचे पैसे ही योजना देत नाही. भरती झाल्यावर मात्र केंद्राच्या आयुष्मान योजनेच्या नियमाप्रमाणे भरतीआधीच्या तीन दिवसांचा आणि डिस्चार्जनंतरच्या पंधरा दिवसांच्या औषधांचा खर्च पॅकेजमध्ये धरलेला असतो. हे फार थोड्यांना ठाऊक आहे, त्यामुळे लोक घरी आल्यावर खिशातून गोळ्या आणतात.

आभाची गोष्ट याहून लहान. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ला देशभर सुरू झालं, त्यातला हा चौदा आकडी क्रमांक. तो कुणालाही काढता येतो, श्रीमंत-गरीब, कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड. काढणं ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. ज्या रुग्णालयात ही व्यवस्था बसवली आहे तिथे मोबाइलवरून क्यूआर स्कॅन केला की केसपेपरची रांग टळते, आणि तिथले रिपोर्ट तुमच्या क्रमांकाला जोडले जातात. दुसऱ्या डॉक्टरला ते दाखवायचे तर तुमची संमती लागते.

कोकणात या क्रमांकाचं मोल मला कमी वाटत नाही. आपला रुग्ण एका जागी बरा होत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून रत्नागिरी किंवा ओरोस, मग डेरवण नाहीतर कोल्हापूर, शेवटी मुंबईचं केईएम. प्रत्येक ठिकाणी प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल पुढे करायची. २२ जुलै २०२१ला चिपळूणात पाणी शिरलं तेव्हा घराघरांतल्या कागदांचा लगदा झाला. आजाऱ्याच्या घरात अशी फाइल परत उभी करायची म्हणजे तपासण्या पहिल्यापासून. तरीही आज खरं सांगायचं तर गावातले बहुतेक खासगी डॉक्टर कागदावरच लिहितात आणि तुमची जुनी फाइल आपोआप आभात जात नाही. म्हणून आभा काढा, पण कागद टाकू नका.

काही लोक आभा काढायलाच घाबरतात. "आधार दिला, ओटीपी दिला, उद्या खातं रिकामं झालं तर?" फोनवरून होणाऱ्या फसवणुकीच्या दिवसांत ही भीती शहाणपणाची आहे. हसून उडवू नये. ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात समोर बसलेल्या माणसाला ओटीपी द्यावा, फोनवर कुणालाही नाही. दोन्ही कार्डं फुकट आहेत, त्यामुळे "पाच लाख मंजूर करून देतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर तो माणूस खोटा.

दोन्हींची गल्लत नेमकी कशी नडते, हे मी एका खासगी रुग्णालयात बघितलं. लांज्याकडच्या एका गावातले गृहस्थ छातीत दुखतंय म्हणून आणलेले, अँजिओप्लास्टी करायची ठरलेली. बायकोने काउंटरवर लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवलं. पलीकडच्या मुलाने एक नजर टाकली आणि "हे चालत नाही, डिपॉझिट भरा" एवढंच म्हणाला. का चालत नाही, ते नाही सांगितलं. ते आभा कार्ड होतं. बाई रडवेली होऊन गावी फोन लावत होती, गाय विकायची भाषा चालली होती. नशिबाने त्याच मजल्यावर आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल होतं. त्याने विचारलं, रेशनकार्ड आहे का? पिशवीच्या तळाला केशरी रेशनकार्ड निघालं. यादीत नवऱ्याचं नाव सापडलं. मग अडलं ते ठशांवर. चिरेखाणीत आयुष्य गेलेला माणूस, बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. काजू कारखान्यातल्या बायकांचंही असंच होतं, टरफलाच्या तेलाने बोटांची कातडी जळते. आरोग्यमित्राने खाटेपाशी जाऊन मोबाइलने चेहरा स्कॅन केला, ओळख पटली, कार्ड निघालं, प्री-ऑथ (उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज) गेलं.

यातलं लक्षात ठेवण्याजोगं हे की आयुष्मान कार्ड जवळ नसलं तरी संपत नाही. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला गाठा. काउंटरवाला, रिसेप्शनिस्ट, वॉर्डबॉय यांच्या "नाही"ला अर्थ नाही. योजनेचं काम आरोग्यमित्र बघतो आणि योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात त्याचं टेबल असतं. तातडीच्या रुग्णाला आधी भरती करून कागद मागाहून देता येतात.

हातातलं कार्ड कोणतं हे ओळखायला सोपं आहे. पीएमजेएवाय किंवा जन आरोग्य योजना असं छापलं असेल तर बिलाचं. नुसता चौदा आकड्यांचा क्रमांक, दोन-चार-चार-चार असा तोडलेला, आणि शेवटी @ असलेला आभा पत्ता असेल तर कागदांचं. वाचता येत नसेल तर आशाताईंना दाखवा.

आता रुग्णालयांच्या टाळाटाळीबद्दल. बरोबर कार्ड असूनही "या ऑपरेशनला योजना नाही", "बेड शिल्लक नाही", "इम्प्लांट (स्टेंट, रॉड असा शरीरात बसवायचा भाग) बाहेरून आणा" असं सांगितलं जातं. पहिलं उत्तर कधी कधी खरं असतं, कारण यादीबाहेरचे उपचार असतात आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवले आहेत. शेवटचं उत्तर खरं नसतं, मंजूर पॅकेजमध्ये इम्प्लांट येतं. अशा वेळी पैसे भरण्याआधी १५५३८८ किंवा १४५५५ या क्रमांकावर फोन करा. पैसे भरावेच लागले तर पक्की पावती घ्या, तिच्याशिवाय पुढे तक्रार टिकत नाही. लोकांचा जो राग "योजना खोटी" या दोन शब्दांत विरून जातो, त्याला रुग्णालयाचं नाव, तारीख आणि पावती जोडली तर कुणाला तरी उत्तर द्यावंच लागतं.

एक अडचण खास आपल्याकडची. आधारला जोडलेला मोबाइल मुंबईतल्या मुलाचा, म्हणून ओटीपी नालासोपाऱ्याला जातो आणि म्हातारी सावंतवाडीत बसून राहते. रेशनकार्डावर गावकर, आधारवर राणे, असंही पुष्कळ घरांत असतं. हे आजारपणात निस्तरता येत नाही. गणपतीला चाकरमानी घरी येतात, तेव्हा आरती झाल्यावर अर्धा तास काढून घरातल्या प्रत्येकाचं आधार आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून नावं ताडून बघा. चूक असेल तर सुट्टी संपायच्या आत तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या, आई-वडिलांचं वय वंदना कार्ड मुलाच्या फोनवर ओटीपी घेऊन तिथल्या तिथे काढा, आणि त्या डब्यातल्या दोन कार्डांवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: एकावर 'बिल', दुसऱ्यावर 'कागद'.